कमिटवरचा पत्ता



अध्यक्षीय भाषणात हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायचं असतं. मी मात्र बोलणार आहे ते गिट लॉगमधल्या एका ओळीवर, लेखकाच्या नावापुढे ईमेल पत्ता असतो त्या ओळीवर.

आपल्याकडच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमधलं चित्र बघा. सगळ्यांना मिळून एकच लॉगिन, ‘स्टुडंट’. गेल्या बॅचमधल्या कुणीतरी ग्लोबल कॉन्फिगमध्ये आपलं नाव-पत्ता टाकून ठेवलेला. यंदाची मुलगी त्याच मशीनवर रात्र जागून प्रोजेक्ट पुरं करते आणि सगळं काम जमा होतं पास होऊन पुण्याला गेलेल्या सिनियरच्या खात्यावर! नागपूरच्या मिहानमधल्या मुलाखतीत ती गिटहबचं प्रोफाइल उघडते, तर ते कोरं.

पत्ता दिलेलाच नसेल तर गिट मशीनच्या नावावरून तो जुळवू बघतं. मग कित्येकदा डॉट लोकलने संपणारा, कधीही पत्र न पोचणारा पत्ता नोंदला जातो. तसला पत्ता गिटहबवरच्या खात्याला नंतर जोडताही येत नाही.

मागाहून सुधारू म्हणाल, तर तेही सोपं नाही. कमिटचा हॅश ज्या मजकुरावरून निघतो त्यात हा पत्ता असतो. तो बदलला की हॅश बदलतो, त्यानंतरच्या प्रत्येक कमिटचा बदलतो, आणि सगळ्या टीमच्या प्रती एकमेकींशी जुळेनाशा होतात. मेलमॅप फाइल लॉगमध्ये नाव नीट दाखवते. मूळ नोंद तशीच राहते.

कुणाचं काय हे नीट नोंदण्याची काळजी आपल्या विदर्भाला नवी नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या लीळा प्रत्यक्ष पाहिलेल्यांकडे जाऊन गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या आणि रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध केलं. सांगणारा कोण, हे त्यांच्या लेखी सांगण्याइतकंच महत्त्वाचं होतं. आपल्या नागपूरच्या वि. भि. कोलत्यांनी त्या ग्रंथाच्या पोथ्या ताडून पाहण्यात किती वर्षं घातली, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको.

आता उपाय. परिपत्रकं काढू नका, ती कुणी वाचत नाही. २०१६ साली आलेल्या गिट २.८ पासून ‘युजर डॉट यूझकॉन्फिगओन्ली’ ही सोय आहे. ती चालू केली की गिट अंदाज बांधत नाही. पत्ता दिल्याशिवाय कमिटच होऊ देत नाही. २०१७ च्या २.१३ पासून ‘इन्क्लूडइफ’ आहे: ऑफिसच्या फोल्डरमध्ये ऑफिसचा पत्ता, घरच्यात घरचा. पत्ता तपासणारा हुक लिहा, पण क्लोन करताना हुक सोबत येत नाहीत हे ध्यानात असू द्या. म्हणून शेवटची चौकी सर्व्हरवरच हवी.

त्या चौकीवर मात्र अतिउत्साह नको. पुश करणारा आणि लेखक एकच असला पाहिजे, असा नियम काही ठिकाणी लावतात. मला तो साफ चुकीचा वाटतो. गिटने लेखक आणि कमिटर या दोन नोंदी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण लिनक्सच्या कर्नलमध्ये पॅच एकाचा असतो आणि तो लावणारा दुसरा. ऑफिसच्या कोडपुरतं डोमेन तपासा, तेवढं पुरे. आणि खुल्या प्रकल्पात कुणाला खासगी पत्ता उघड करायचा नसेल, तर गिटहबचा नोरिप्लाय पत्ता चालवून घ्या. तोही खात्याशी जोडलेलाच असतो.

लॅबच्या प्राध्यापकांना एकच विनंती. सत्र सुरू होण्याआधी ‘स्टुडंट’ लॉगिनच्या ग्लोबल कॉन्फिगमधून नाव-पत्ता पुसून टाका, यूझकॉन्फिगओन्ली चालू करा, आणि पहिल्या तासाला प्रत्येकाला आपापल्या रेपोत स्वतःचा पत्ता टाकायला लावा.