जुन्या ट्रकमधले बेवारस कपलर



गेल्या आठवड्यात एका श्रोत्यांचा प्रश्न आला. त्यांनी १९९४ची शेव्हरोले सी-१५०० पिकअप घेतली आहे, ५.७ लिटर इंजिनाची. मुलगा नुकताच गाडी शिकलाय, उन्हाळ्यात तीच चालवणार आहे. बॉनेट उघडलं तर तीन-चार प्लग नुसतेच लोंबकळताना दिसले. गाडी चालते, पण चढावर दम टाकते आणि पेट्रोल फार पिते. त्यांनी विचारलंय, "हे प्लग कुठे जोडायचे?"

आपल्याकडचे वायरमन या प्लगांना कपलर म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो. माझं उत्तर असं, की कुठे जोडायचा हे नंतर बघू, तो जोडायचा आहे का हे आधी ठरवू. सुटा दिसणारा प्रत्येक कपलर म्हणजे बिघाड नव्हे.

सुटे कपलर साधारण चार प्रकारचे असतात. पहिला प्रकार, गाडीत नसलेल्या वस्तूंचा. कारखान्यात प्रत्येक गाडीसाठी वेगळं वायरिंग विणत बसत नाहीत. एकच जुडगा बऱ्याच गाड्यांना चालवतात. तुमच्या गाडीत बॉनेटखालचा दिवा नसेल, तरी त्याची वायर येऊन थांबलेली असू शकते. मूळ गाडीत काय काय होतं, हे ग्लोव्ह बॉक्समधल्या लेबलवर तीन-तीन अक्षर-अंकांच्या कोडमध्ये छापलेलं असतं. एल०५ म्हणजे हेच ५.७ लिटरचं इंजिन, झेड८२ म्हणजे ट्रेलर ओढायची तयारी. झेड८२ दिसलं, तर मागे चासीजवळ गुंडाळून ठेवलेल्या वायरी कशाच्या असाव्यात याचा अंदाज लगेच येतो.

दुसरा प्रकार, मेकॅनिकच्या तपासणीसाठी मुद्दाम मोकळा ठेवलेला. या ट्रकमध्ये लाल रंगाची एकटी वायर असते, टोकाला छोटा कपलर. तिला बॅटरीचे १२ व्होल्ट दिले की पेट्रोलचा पंप चालतो. ती मोकळीच असायला हवी. मात्र तिचं टोक उघडं पडून बॉडीला लागता कामा नये.

तिसरा प्रकार, खरोखर निसटलेला. फिकट तपकिरी, म्हणजे टॅन रंगाची आणि वर काळी रेघ असलेली एकच वायर शोधा. तिच्यातही मधे कपलर असतो, पण तो जोडलेला हवा. इंजिनाचं टायमिंग लावताना मेकॅनिक तो सोडतो आणि काम झालं की परत लावतो. लावायचा राहिला, तर कॉम्प्युटरला टायमिंग पुढेमागे करता येत नाही. गाडी चालते, पण जोर जातो आणि पेट्रोल जास्त लागतं. आमच्या श्रोत्यांची तक्रार नेमकी अशीच आहे.

ते पडताळून पाहता येतं. ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली १२ घरांचा तपासणीचा कपलर असतो. काही घरं रिकामी असतात, त्याची काळजी नको. इंजिन बंद ठेवून चावी 'ऑन' करायची आणि त्यातली ए आणि बी ही दोन घरं तारेच्या तुकड्याने जोडायची. चेक इंजिनचा दिवा एकदा लुकलुकतो, थांबतो, मग दोनदा. हा झाला १२ नंबरचा कोड, तो तीन वेळा येतो आणि इंजिन बंद असताना यायलाच हवा. त्यानंतर चार आणि दोन, म्हणजे ४२ आला, तर टायमिंगच्या सर्किटकडे बघा.

आता धोका लक्षात घ्या. लाल वायर एकटी, टॅन-काळी वायरही एकटी. दोन सुटी टोकं दिसली म्हणून एकमेकांत खोचली, तर कॉम्प्युटरच्या ५ व्होल्टच्या वायरीत १२ व्होल्ट शिरू शकतात. म्हणून कपलर बसतो म्हणजे तो तिथलाच, असं कधीही समजू नका.

चौथा प्रकार, आधीच्या मालकांची भर. अलार्म, रेडिओ, ट्रेलरचे दिवे. वायरचा रंग कारखान्याचा नाही, जोडाला निळा चाप किंवा नुसती टेप, हे दिसलं की ओळखायचं. अशी वायर थेट कापू नका, दोन्ही टोकं कुठे जातात ते आधी बघा.

ओळखायचं कसं? आधी डोळ्यांनी. कपलरच्या प्लास्टिकवर ए, बी, सी अशी बारीक अक्षरं असतात, ती लिहून घ्या. आतल्या पिनांवर घासल्याच्या रेघा असतील, तर तो कधीतरी जोडलेला होता. पिना कोऱ्या असतील, तर बहुधा कधीच नव्हता. वायर न ताणता कुठवर पोहोचते ते पाहा, जोडीदार त्याच टप्प्यात असणार. रंग उन्हातेलाने बदलतो, म्हणून वरची टेप थोडी सोडवून आतला रंग बघा. या ट्रकमध्ये नारिंगी म्हणजे कायम वीज, गुलाबी म्हणजे चावी फिरवल्यावर वीज, काळी म्हणजे अर्थ. मागच्या दिव्यांत तपकिरी टेल लाइटची, पिवळी डाव्या इंडिकेटरची, गडद हिरवी उजव्या, फिकट हिरवी रिव्हर्सची.

मग मीटर. बॅटरी सोडून आधी वायर कुठून कुठे जाते ते तपासा, नंतर बॅटरी जोडून व्होल्ट मोजा. मीटर डिजिटल हवा, १० मेगाओहमचा. बल्बवाला टेस्टर कॉम्प्युटरच्या वायरींना लावू नका. आणि ज्यांच्याकडे १९९५ किंवा त्यानंतरचा ट्रक आहे त्यांनी ऐका: पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना टेस्टर, मीटर, काहीही लावायचं नाही. ते काम जाणत्या मेकॅनिकचं.

शेवटचा शब्द त्याच वर्षाच्या आणि त्याच इंजिनाच्या वायरिंगच्या नकाशाचा. इथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत सभासद कार्डावर गाडीदुरुस्तीची माहिती फुकट पाहता येते. विचारून तर बघा.

"डायरेक्ट करून टाका" हा सल्ला गावाकडे रस्त्यात अडकलेल्या जीपला एक वेळ चालून जातो. मुलाच्या हाती द्यायच्या गाडीत नको. फ्यूज टाळून ओढलेली वायर तापली, तर आग लागेपर्यंत कळत नाही.

ओळख पटलेल्या प्रत्येक कपलरला कागदी पट्टी बांधा: कशाचा, जोडायचा की मोकळा. मोकळे राहणारे झाकून, टेप लावून, गरम भागांपासून दूर बांधून ठेवा. आणि हे करताना मुलाला शेजारी उभं करा. पुढे बॉनेट तोच उघडणार आहे.