म्हशीची लघवी लाल दिसली तर

म्हैस व्याल्यावर दोन-चार आठवड्यांत लघवी कॉफीसारखी गडद झाली, की घरात धास्ती पसरते. तपासणीची पट्टी बुडवली तर 'रक्त' एवढंच कळतं. ते कुठून आलं, हे पट्टी सांगत नाही. म्हणून ताजा नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि न हलवता तासभर ठेवा. लाल साका तळाशी बसून वरची लघवी निवळली, तर मूत्रपिंडातून किंवा मूत्राशयातून रक्तस्राव होतोय. सगळी लघवी तशीच गडद राहिली, तर बहुधा रक्तपेशी शरीरातच फुटताहेत. दुधाळ म्हशीत याचं नेहमीचं कारण स्फुरदाची कमतरता. त्यात ताप सहसा नसतो. संकरित गाईला मात्र १०५-१०६ अंश ताप असेल आणि अंगावर गोचीड असतील, तर बबेसिया या रक्तातल्या परजीवीचा संशय घ्यावा. त्यासाठी रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे, त्यामुळे अंदाजाने इंजेक्शन देणं मला फार धोक्याचं वाटतं. लघवीच्या अहवालात सामू आठच्या आसपास असेल तर घाबरू नका, गाई-म्हशींत तो स्वाभाविकच. पण पापणीची आतली बाजू पांढरी पडली असेल, तर पशुवैद्यकांना त्याच दिवशी बोलवा.