डेकवरील लहानसे बूच
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या सुतार समाजाच्या या मेळाव्यात आम्ही एका क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूविषयी बोलणार आहोत. ती म्हणजे नौकेच्या सागवानी डेकवरील लाकडी बूच. मुंबईच्या गोदीत इ.स. १८१७ साली मलबारी सागवानाचे बांधलेले 'ट्रिंकोमाली' जहाज आज इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. साग शतके टिकतो. पण वेळोवेळी डागडुजी करणारे हात असतील तरच.

डेकची फळी खालच्या लाकडाला स्क्रूने आवळतात, स्क्रूचे डोके फळीत खोल बसवितात व त्यावर सागाचे बूच ठोकतात. उन्हाने व घासण्याने फळी झिजते, बूच पातळ होऊन निखळते आणि पाणी स्क्रूच्या अंगाने खाली उतरते. वरून धडधाकट दिसणारा डेक आतून कुजू लागतो.

उमेदवारीच्या काळी एका जुन्या नौकेवर आम्ही अशी कित्येक बुचे उथळ झालेल्या भोकांतच ठोकली. सायंकाळी डेक आरशासारखा दिसला; पुढील पावसाळा सरेपर्यंत निम्मी बुचे निघून गेली. आमचे वृद्ध मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी एक स्क्रू काढून आमच्या तळहातावर ठेवला. त्याच्या आट्यांना काळे, भिजके लाकूड चिकटले होते. ती लाज आम्ही अद्याप विसरलो नाही.

म्हणून प्रथम स्क्रू काढून खालचे लाकूड तपासावे. ओले असल्यास वाळू द्यावे. कुजले असल्यास आधी ते दुरुस्त करावे. लाकूड निरोगी असून भोक सैल झाले असेल, तर एक माप जाड स्क्रू घ्यावा, किंवा भोक एपॉक्सीने भरून नव्याने पाडावे. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त झिजते. म्हणून कांस्याचा किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचा स्क्रू वापरावा. बुचाला साधारण पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटर, खोली मिळाली पाहिजे. फळीत तेवढी जाडी उरली नसेल, तर फळीच बदलावी.

बूच गोल काठीचे तुकडे करून घेऊ नये. त्याचे उभे तंतू पाणी शोषतात. ते फळीच्या पृष्ठभागातून कापावे व त्याच्या रेषा डेकच्या रेषांशी जुळवाव्यात. साग तेलकट असल्याने चिकटविण्यापूर्वी ॲसिटोनने पुसावा. बूच हलक्या हाताने ठोकावे. ते वाळल्यावर पटाशीने आधी वरच्या वर एक पातळ काप घ्यावा, म्हणजे रेषा कोणीकडे उतरते ते कळते. मग उतरत्या बाजूने न कापता चढत्या बाजूने कापावे. उलट कापल्यास बूच डेकच्या पातळीखाली फुटते.

जुने कारागीर बूच व्हार्निशच्या हातावर बसवीत, कारण पुढे कोणास तरी ते काढावे लागणार, हे ते जाणत. आपल्यानंतर येणाऱ्या हातांची सोय पाहणे, हीच आपल्या धंद्याची खरी नीती होय. आपल्या मुलांनी शहरात कोणतेही काम करावे. परंतु वरच्या झिलईखाली काय आहे, ते उघडून पाहिल्यावाचून 'काम झाले' असे म्हणू नये, एवढीच आमची विनंती आहे.