बेकारीचा आकडा कसा वाचावा



देशातील बेकारी घटली असे वृत्त येते, तेव्हा गेवराई तालुक्यातील माणसाने ते कसे वाचावे, एवढाच प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवीत आहे. दस्तऐवज हाती आला की वकील प्रथम व्याख्येचे कलम पाहतो. आकडा हाही दस्तऐवजच होय.

केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीप्रमाणे १५ वर्षे व त्यावरील लोकांतील बेकारीचे प्रमाण २०१७-१८ साली ६.० टक्के होते. २०२३-२४ साली ते ३.२ टक्के झाले. हे आकडे खोटे आहेत, असे माझे म्हणणे नाही. परंतु 'नेहमीची स्थिती' या हिशेबात वर्षातून ३० दिवस काम केलेला इसमही कामकरी ठरतो. आपल्याकडील जोडपे मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जाते, चार-पाच महिने परमुलखात ऊस तोडते व उन्हाळ्यात गावी परतते. पुढे त्यास काम मिळो वा न मिळो, त्या हिशेबी ते बेकार नव्हे.

दुसरे असे की, बेकारीची टक्केवारी साऱ्या लोकसंख्येवर काढीत नाहीत. काम करणारे व काम शोधणारे, एवढ्यांच्याच बेरजेवर काढतात. शंभरांत सहा बेकार असून त्यांतील दोघांनी निराश होऊन शोध सोडला, तर एकासही काम न मिळता प्रमाण सहावरून चारावर येते! अलीकडच्या घटीचे कारण मात्र हे नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. श्रमबलातील स्त्रियांचे प्रमाण याच काळात २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेले. परंतु कामकऱ्यांतील स्वयंरोजगारितांचा वाटाही ५२.२ वरून ५८.४ टक्के झाला, आणि घरच्या शेतीत वा दुकानात विनावेतन राबणारेही त्यांतच मोडतात. तुकड्याएवढ्या शेतीवर अनेक हात राबत असले तरी त्यांतील पुष्कळ श्रम वस्तुतः रिकामेच असतात, हे बाबासाहेबांनी १९१८ साली लहान धारण जमिनींवरील निबंधात दाखवून दिले होते.

आता शिक्षणाविषयी. २०२३-२४ साली माध्यमिक व त्याहून अधिक शिकलेल्यांत बेकारी ६.५ टक्के होती. निरक्षरांत ती नाममात्र. यावरून "पोरगा शिकला आणि बेकार झाला" असा निष्कर्ष काही आईबाप काढतात. तो सर्वथा चुकीचा आहे. निरक्षर बापाला बेकार राहणे परवडत नाही. तो पडेल त्या मजुरीवर जातो व आकड्यातून निसटतो. मुलगा योग्य काम मिळेपर्यंत थांबू शकतो, म्हणून तो मोजला जातो. या आकड्याच्या भीतीने कृपा करून कोणाचेही नाव कॉलेजातून काढू नका.

आणखी एक सावधगिरी. एप्रिल २०२५ चा मासिक आकडा ५.१ टक्के आला, तो ३.२ शी ताडून बेकारी भडकली असे म्हणणे गैर होय. तो साप्ताहिक हिशेबाचा आहे. त्या हिशेबात आठवड्यात एक तास काम केले तरी माणूस कामकरी ठरतो. त्याच हिशेबाने २०२३-२४ चा आकडा ४.९ होता. शिवाय जानेवारी २०२५ पासून पाहणीची पद्धतही बदलली आहे.

घटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा व बेकारीत साहाय्याचा उल्लेख आहे. परंतु ३७ व्या कलमामुळे केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र कायदा लागतो. महाराष्ट्राने तो १९७७ साली केला, केंद्राने २००५ साली. आणि मागणीनंतर १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता, हे तत्त्व त्या केंद्रीय कायद्याने मान्य केले. म्हणून काम तोंडी मागू नका. अर्ज लेखी द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.