वसंतांतील परसबाग



वसंतपंचमी झाली कीं बागेची हौस असलेल्या माणसाचे हात शिवशिवूं लागतात. आंब्याला मोहोर असतो, पहांटेची थंडी सुसह्य झालेली असते, आणि आतां परसांत कांहीं पेरावें असें मनांत येतें. हा विचार योग्यच आहे. मात्र पेरणी आज करावयाची कीं आणखी महिन्यानें, या एका प्रश्नावर वैशाखांत आपल्या ताटांत घरची भाजी पडेल कीं नाहीं हें बहुतांशीं ठरतें. म्हणून आज मी मुख्यतः वेळ आणि पाणी या दोन गोष्टींविषयींच बोलणार आहें.

बागकामाचीं जीं पुस्तकें आपल्या वाचनांत येतात त्यांतील पुष्कळशीं विलायतेच्या हवेसाठीं लिहिलेलीं असतात. तेथें वसंत म्हणजे हिमाचा शेवट. जमीन हळूहळू उबदार होते, दिवस मोठा होतो, आणि मार्च-एप्रिलांत पेरलेलें बीं पुढील चारपांच महिने सौम्य उन्हांत वाढतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं, १९३९ पासून, इंग्लंडांत 'विजयासाठीं खणा' अशी मोहीम निघाली, आणि घरोघरच्या हिरवळी खणून तेथें बटाटे व कोबी लावण्यांत आले. त्या लोकांस त्यांचें वसंताचें वेळापत्रक उत्तम उपयोगी पडलें. तेंच वेळापत्रक पुण्यास किंवा नागपुरास लावावें, तर रोप कोंवळ्या वयांतच उन्हाच्या तोंडीं जातें.

आपला वसंत हा उन्हाळ्याचा उंबरठा आहे. पुण्यास जानेवारींतील पहांटेचें सरासरी तपमान ११-१२ अंश सेल्सिअस असतें, आणि एप्रिलांत दुपारचें ३८ अंशांच्या घरांत जातें. नागपुरास मे महिन्यांत तें ४२-४३ पर्यंत चढतें. हें स्थित्यंतर अवघ्या तीनचार महिन्यांत घडतें. तेवढ्या अवधींत झाडानें मुळें खोल घातलीं तर तें ऊन सोसतें. नाहीं तर रोज दुपारीं मान टाकतें व संध्याकाळीं उचलतें, आणि त्यांतच त्याची शक्ति खर्चीं पडते. यासाठीं साधा नेम असा ठेवावा, कीं देशावर वसंतपंचमीपासून महाशिवरात्रीपर्यंत पेरणी आटोपावी, आणि विदर्भांत त्याहून आठवडाभर आधीं. अधिक मासामुळें तिथि मागेंपुढें सरकते हें खरें. ज्या वर्षीं वसंतपंचमी जानेवारींतच येते, त्या वर्षीं भेंडीसाठीं थोडें थांबावें, कारण थंड जमिनींत भेंडीचें बीं रुजण्याऐवजीं कुजतें. कोंकणांत थंडीच बेताची असल्यामुळें तेथील मंडळींना इतका काटेकोरपणा पाळावा लागत नाहीं.

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुध्या भोपळा, दोडका, कारलें, माठ व तांदुळजा या ऋतूंत उत्तम येतात. भेंडीचें बीं रात्रभर आणि कारल्याचें एक दिवसभर पाण्यांत भिजवून लावावें. वेलांचें बीं जानेवारींतच कागदी पुड्यांत किंवा नारळाच्या करवंट्यांत रुजत घालून, रोपांस दोनचार पानें येतांच तीं भोंवतालच्या मातीसकट आळ्यांत हलविलीं, तर पंधरा दिवस पदरांत पडतात. मुळें दुखावलीं तर मात्र वेल रुसतो. पालक व कोथिंबीर यांचा हट्ट आतां सोडावा. दिवस मोठा होऊन ऊन तापूं लागलें कीं त्या पानें देण्याचें टाकून फुलाकडे वळतात. टोमॅटोचें रोप जानेवारींतच जागेवर गेलें असेल तर ठीक. दुपार ३५ अंशांच्या वर राहूं लागली, किंवा रात्रही उबदारच जाऊं लागली, कीं त्याचें फूल फळ न धरतां गळून पडतें, आणि मग कोणतेंही खत घातलें तरी त्यांत फरक पडत नाहीं.

आतां पाणी. उन्हाळ्यांत शहरांतील नळ आंखडतात, आणि पलीकडच्या तालुक्यांत बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. अशा वेळीं पिण्याचें पाणी नळीनें भेंडीवर सोडणें शोभत नाहीं. माझें मत असें आहे कीं परसबागेचें माप जागेवरून घेऊंच नये. तें घरांत एकदां वापरून झालेल्या पाण्यावरून घ्यावें. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मे महिन्यांत देशावर भरांत आलेल्या भाजीच्या प्रत्येक चौरस मीटरास रोज सुमारें ६ ते ८ लिटर पाणी लागतें. चारपांच माणसांच्या घरांत तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेलें, आणि कपडे शेवटीं खंगाळलेलें पाणी बादलींत धरून ठेवलें, तर चाळीस लिटर जमविणें अवघड नाहीं. म्हणजे पांच-सहा चौरस मीटर बाग झाली. पहिल्या धुण्याचें साबणसोड्याचें पाणी मात्र वर्ज्य समजावें. त्यांतील क्षारांनीं काळी माती चिकट व कठीण होत जाते. खंगाळलेलें पाणीही मुळाशींच द्यावें, पाल्यावर शिंपडूं नये.

पांच-सहा चौरस मीटर म्हणजे जेमतेम तीन चटयांची जागा. एवढ्यांत काय होणार, असें कोणी म्हणेल. पण तेवढ्यांत भेंडीचीं वीसेक झाडें, दोडक्याचा एक वेल, दुध्याचा एक वेल, आणि वेलांच्या मांडवाखालीं सावलींत माठाचा लहानसा वाफा बसतो. लहान कुटुंबाची आठवड्यांतील दोनतीन वेळची भाजी त्यांतून निघते. याच्या तिप्पट जागा खणून एप्रिलांत ती वाळत पडलेली पाहण्यापेक्षां हें बरें. गच्चीवर कुंड्या किंवा पिंपें ठेवणाऱ्यांनीं तर आणखी हात आंखडता ठेवावा, कारण कुंडी चोहों बाजूंनीं तापते व लवकर कोरडी होते. ती पश्चिमेच्या उन्हापासून आडोशाला असावी.

उघड्या मातीवरून पुष्कळसें पाणी झाडास न मिळतांच उडून जातें. यावरील उपाय याच दिवसांत आपल्या दारांत येऊन पडतो. माघ-फाल्गुनांत पानगळ होते, आणि रस्त्याच्या कडेला वाळलेल्या पानांचे ढीग लागतात. आपण काय करतों? त्यांना काडी लावतों व धूर गिळतों! कोल्हापूरचे गणिती श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनीं आपल्या 'प्रयोग परिवारा'च्या द्वारां पालापाचोळा ही संपत्ति आहे हें वर्षानुवर्षें लोकांस पटवून दिलें. रोपें वीतभर वाढलीं कीं त्यांच्या भोंवतीं या पानांचा चार बोटें जाड थर द्यावा. फक्त खोडाला चिकटवूं नये. माती थंड राहते, ओल टिकते, आणि पावसाळ्यापर्यंत त्यांतील बराचसा भाग खत होऊन जातो. वेलाच्या आळ्यांत आणखी एक युक्ति करतां येते. झिलई नसलेलें साधें मडकें गळ्यापर्यंत पुरून त्यांत पाणी भरावें व वर झांकण ठेवावें. माती कोरडी होईल त्या मानानें मडकें पाझरतें, व वेलाचीं मुळें त्याच्याभोंवतीं गोळा होतात. ही रीत फार जुनी आहे. चीनमधील इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील शेतीविषयक ग्रंथांत ती वर्णिलेली आहे.

वेल फुलतो पण फळ धरत नाहीं, ही तक्रार उन्हाळ्यांत हटकून ऐकूं येते. भोपळा, दोडका, काकडी, कारलें यांच्या एकाच वेलावर नरफुलें व मादीफुलें निराळीं असतात. पाकळ्यांखालीं इवलेंसें फळ दिसतें तें मादीफूल. प्रथम नरफुलें येतात आणि तीं गळतात. त्यांत घाबरण्याजोगें कांहीं नाहीं. पण उष्णता वाढेल तसें नरफुलांचें प्रमाण वाढत जातें, आणि उशिरां लावलेला वेल नुसताच फुलत राहतो. लवकर पेरणीचा आणखी एक लाभ तो हाच. शहरांत मधमाशा कमी फिरकतात, म्हणून नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या मागें दुमडाव्या व त्यांतील पराग मादीफुलाच्या मध्यभागीं हलकेच टेकवावा. काकडी व कारलें यांच्यासाठीं हें काम सकाळीं करावें. दुध्याचें पांढरें फूल व दोडक्याचें पिवळें फूल संध्याकाळीं उमलतें, तेव्हां त्यांच्यासाठीं दिवेलागणीची वेळ बरी. घरांतील मुलांना हें काम फार आवडतें, आणि त्यांचे हातही आपल्यापेक्षां हलके असतात.

किडीविषयीं थोडक्यांत सांगतों. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या कीं तो रोग पांढरी माशी पसरविते. असें झाड उपटून टाकावें, त्यावर उपचार नाहीं. माशी व मावा आटोक्यांत ठेवण्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची गरी कुटून ती एक लिटर पाण्यांत रात्रभर ठेवावी, फडक्यानें गाळावी, आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूस फवारावी. कारल्यास फळमाशी लागते, म्हणून फळ बोटभर असतांनाच त्यावर कागदाची पिशवी बांधावी.

एक काम एप्रिलांतच करावयाचें आहे. भेंडीच्या निरोगी झाडांपैकीं दोन झाडें निवडून त्यांवरील चारसहा शेंगा न तोडतां राखाव्या. बीं संकरित जातीचें विकत आणलेलें असेल तर हा खटाटोप करूं नये, त्याची पुढची पिढी तशीच निपजत नाहीं. साध्या जातीचें असेल तर अवश्य करावा. शेंगा झाडावरच वाळून उकलूं लागण्यापूर्वीं काढाव्या, बीं सावलींत दोन दिवस पसरावें, आणि घट्ट झांकणाच्या बाटलींत भरून तीवर महिना व वर्ष लिहून ठेवावें. मृगाचा पाऊस स्थिर झाला कीं त्याच वाफ्याशेजारीं, नव्या जागेंत, तें पेरतां येईल.