विज्ञान केंद्राची सहल आणि आपल्या मुली

(पालक मेळाव्यातील भाषण)



सहल म्हटली की आपल्या जिल्ह्यातून गाड्या नागपूरला जातात. दिवसात पाच ठिकाणे पाहायची आणि त्यांतच गांधीसागर तलावाजवळचे रमण विज्ञान केंद्र तासाभरात उरकायचे, अशी रीत पडली आहे. मुले बटणे दाबतात, शिक्षक डोकी मोजतात. यवतमाळहून दीडशे किलोमीटर जायचे ते एवढ्यासाठी नव्हे.

1992 साली सुरू झालेल्या या केंद्राला चंद्रशेखर वेंकट रमण यांचे नाव आहे. सरकारी हिशेबखात्यात असताना ते काही काळ नागपुरास होते. 1921 मध्ये विलायतेहून परतताना बोटीवर त्यांना प्रश्न पडला, समुद्र निळा का? आकाशाचे प्रतिबिंब, हे तेव्हाचे मान्य उत्तर. त्यांनी निकोल प्रिझमने ते प्रतिबिंब गाळून पाहिले, निळाई कायमच! याच वाटेने पुढे 28 फेब्रुवारी 1928 चा शोध आणि 1930 चे नोबेल पारितोषिक आले.

ही वाट मागेही फार दूर जाते. बसऱ्याच्या इब्न अल्-हैसम यांनी अकराव्या शतकात ‘किताब अल्-मनाझिर’ लिहिली. डोळ्यांतून किरण निघून वस्तूला लागतात, असे युक्लिडपासून कित्येक मानीत. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे यांनी मांडले, तेही प्रयोग करून. भोकासमोर अनेक दिवे ठेवावेत. पलीकडच्या अंधारात तितके ठिपके पडतात, आणि एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो. पुठ्ठा, खिळा आणि तीन मेणबत्त्या, एवढ्यावर आम्ही सहलीआधी आठवीत हा प्रयोग करून घेतो. डावीकडची मेणबत्ती झाकली, तर उजवीकडचा ठिपका का गेला? हा प्रश्न घेऊन निघालेला वर्ग दालनात धावत नाही, थांबतो. उर्दू माध्यमाच्या मुलांना ‘इन्इकास’ म्हणजे मराठीत परावर्तन, ‘इन्इताफ’ म्हणजे अपवर्तन, हेही आधी सांगावे लागते. (त्या जुन्या ग्रंथातलेच हे शब्द, बरे का!)

आता खरे बोलायचे ते बोलतो. तीन मेणबत्त्यांचे उत्तर वर्गात प्रथम मुलीच देतात. सहलीच्या यादीत मात्र त्या बोटांवर मोजण्याइतक्या. वर्गणीची अडचण असेल, तर एस.टी. शैक्षणिक सहलीला निम्म्या भाड्याची सवलत देते. उरलेल्याचे संस्थेने पाहावे, अशी माझी विनंती आहे. पण पुष्कळ घरांत अडचण पैशाची नसतेच. भावाचे नाव येते, बहिणीचे येत नाही. काळजी मला समजते, मलाही मुलगी आहे. म्हणूनच दोन शिक्षिका सोबत राहतील, ज्या मातांना यायचे असेल त्यांनीही यावे. फजरनंतर निघू, जोहरची नमाज नागपुरात, आणि रात्री शाळेच्या फाटकातून प्रत्येक मुलगी पालकाच्याच हाती दिली जाईल.

संमतीपत्रे बाहेर टेबलावर ठेवली आहेत. जाताना घेऊन जा, आणि सोमवारपर्यंत परत द्या.