मुक्या जिवाचे आजारपण : एका व्यापाऱ्याचा हिशेब
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



'जीवदया' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असा आग्रह विश्वस्तांनी धरला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी शास्त्राचा अभ्यासक नाही. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या गादीवर बसलो. चाळीस वर्षे कापड मोजण्यात गेली. जीवदयेवर उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून आज मी उपदेश करणार नाही. माझ्या घरात घडलेली एक हकीकत, तीत माझ्या हातून झालेल्या चुकीसह, आपल्यापुढे ठेवणार आहे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कोणीही विसरलेलो नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णामाईने ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि आपली सांगलीची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर मी दुकान उघडावयास गेलो. खालच्या मांडण्यांतील सारा माल चिखलाने माखला होता आणि वरच्या पायरीवर दोन-अडीच महिन्यांचे एक तांबूस पिल्लू थरथरत बसले होते. ते मी घरी आणले, पण ठेवून घेण्याचा विचार मुळीच नव्हता. आपल्या घरांत सोवळे-ओवळे, स्वयंपाकघराची शुद्धी यांचे महत्त्व असते. शिवाय परिग्रहाच्या गणनेत शास्त्रकारांनी चतुष्पादांचाही समावेश केला आहे, हे मी स्वाध्यायात ऐकलेले होते. आमच्या सौ. म्हणाल्या, "चिखल वाळेपर्यंत तरी राहू द्या." चिखल वाळला, दुकान पुन्हा उभे राहिले आणि पिल्लू राहिले ते राहिलेच. नातीने त्याचे नाव मोती ठेवले. दूध-भाकरी, वरण-भात खाऊन तो वाढला. संध्याकाळी मी दुकान बंद करून आलो की फाटकाशी उभा असे. व्यापारात उधारी बुडाली, मन खिन्न असले, तरी त्या स्वागतात कधी कमी पडले नाही.

आता चुकीविषयी बोलतो. दर पावसाळ्यात मोतीच्या अंगावर गोचीड होत. डॉक्टर दर वर्षी सांगत, "शेठजी, महिन्याला एकदा औषध लावा. खर्च सहाशे रुपयांच्या आसपास येईल." मी उत्तर देई, "डॉक्टरसाहेब, आम्ही जैन. त्या औषधाने गोचीड मरतात. ते आम्हाला कसे चालेल?" सौ. फणीने गोचीड काढत, पानावर घेत आणि शेजारच्या मोकळ्या जागेत सोडून येत. लोक आमच्या आचरणाची प्रशंसा करीत आणि मलाही ती गोड वाटे. पण आज या व्यासपीठावरून खरे सांगतो. गोचीड मरू नये, हे माझे अर्धेच कारण होते. महिन्याचे सहाशे रुपये वाचतात, हे उरलेले अर्धे कारण होते. धर्माच्या वस्त्राखाली मी काटकसर झाकीत होतो.

जून २०२४ मध्ये मोतीने अन्न सोडले. अंगात ताप होता, पाणी मात्र तो सारखे पीत होता. दोन दिवसांनी नाकातून रक्त आले, तेव्हा आम्ही घाबरून दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "याला द्राक्षे किंवा बेदाणे खाऊ घातले आहेत का?" मला आश्चर्य वाटले. तासगावच्या बेदाण्याचा हा आपला जिल्हा. घरोघरी डब्यात बेदाणे असतात आणि प्रसादातही ते येतात. डॉक्टरांनी सांगितले, की द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे अचानक निकामी करू शकतात. माणसाच्या दुखण्यावरच्या काही गोळ्याही त्याला घातक ठरतात. म्हणून कुत्र्याला ताप आला, तर घरातली गोळी कधीही देऊ नये. ही गोष्ट आपण सर्वांनी लक्षात ठेवावी, म्हणून मुद्दाम सांगितली.

आम्ही बेदाणे दिलेले नव्हते. रक्त तपासले, तेव्हा प्लेटलेट्स ३८ हजार निघाल्या. निरोगी कुत्र्यात त्या दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतात. क्रिएटिनिन ६.८ होते. ते साधारण दीडच्या आत असावे लागते. निदान झाले : गोचिडांमुळे होणारा ताप. तो अंगात बराच काळ दबून राहिला होता आणि त्याने मूत्रपिंडांची हानी केली होती. डॉक्टर म्हणाले, "शेठजी, मूत्रपिंडाचा बहुतेक भाग निकामी होईपर्यंत बाहेरून काही दिसत नाही. ताप बरा करता येईल. मूत्रपिंडे पूर्ववत होणार नाहीत." त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तो त्यांनी दिला असता, तर मला अधिक सोपे गेले असते.

त्याच दिवशी त्यांनी गोचिडांचे औषध लावले आणि दुसऱ्या दिवशी मोतीच्या बिछान्यावर मेलेल्या गोचिडांचा सडा पडला. तेव्हा मला कळले, की गोचिडाची एक मादी हजारो अंडी घालते. आम्ही पानावर घेऊन सोडलेले गोचीड त्या मोकळ्या जागेत वाढत होते आणि गल्लीतल्या इतर कुत्र्यांच्या अंगावर चढत होते. सुरुवातीपासून अंगण स्वच्छ ठेवले असते, वेळेवर औषध लावले असते, तर ते एवढे वाढलेच नसते आणि एवढे मेलेही नसते. हिंसा टाळतो असे म्हणत मी ती वाढवीत होतो. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा त्याग करावा. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, म्हणून ती विवेकाने कमीत कमी करावी, असे आपण ऐकत आलो आहोत. यातील 'विवेकाने' हा शब्द मी वगळला होता.

अठ्ठावीस दिवसांच्या औषधाने ताप गेला, प्लेटलेट्स वाढल्या. क्रिएटिनिन मात्र पाचाच्या खाली आले नाही. येथून पुढे घरात मतभेद सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे पाळीव प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू झाले होते. पुण्यात नोकरी करणारे आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, पैशाचा विचार करू नका, त्याला मुंबईला नेऊ." सौ. म्हणाल्या, "एवढ्या लांबच्या प्रवासात त्याचे हाल होतील. जे काही करायचे ते घरीच करू." आणि मी वही काढून बसलो. याबद्दल मला तेव्हा फार अपराधी वाटले. आपल्या जिवलगाच्या आजारपणात आकडे मांडणारा माणूस निर्दय, असे मन सांगत होते.

बाहेरही बोलणे झाले. एक दिवस मंदिराच्या पायरीवर आमचे एक स्नेही म्हणाले, "कुत्र्यावर एवढा पैसा? त्यात एखाद्या गरीब मुलाची वर्षाची फी झाली असती." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी दोन रात्री त्यावर विचार केला. मोती आजारी नसता, तर मी ते पैसे एखाद्या मुलाच्या फीसाठी दिले असते का? नसते दिले. ते बँकेत राहिले असते. एका जिवाचा खर्च टाळण्यासाठी दुसऱ्या जिवाचे नाव घ्यावयाचे आणि शेवटी दोघांनाही काही द्यावयाचे नाही, हा हिशेब मला खोटा वाटला. आपल्या दारी आपण ज्याला ठेवून घेतले, त्याचे अन्नपाणी रोखणे हा अहिंसाणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. आजारपणातील औषध त्याहून निराळे कसे?

तरीही मर्यादा ही असतेच. म्हणून मी पुण्यातील तज्ज्ञांकडे मोतीला एकदा नेले, सोनोग्राफी करविली आणि तीन प्रश्न विचारले. पहिला : हा बरा होईल का? दुसरा : बरा होणार नसेल, तर किती दिवस मिळतील आणि ते दिवस कसे असतील? तिसरा : त्याला दर महिन्याला किती खर्च येईल? डॉक्टरांनीही स्पष्ट उत्तरे दिली. बरा होणार नाही. काही आठवडे, कदाचित काही महिने मिळतील. मळमळ आणि अशक्तपणा औषधांनी आटोक्यात ठेवता येईल. डायलिसिसची सोय देशात मोजक्या ठिकाणी आहे आणि या अवस्थेत तिचा लाभ थोडाच होईल. मग मी माझी ऐपत न लाजता सांगितली. त्यावर त्यांनी अनावश्यक तपासण्या वगळल्या आणि कातडीखाली सलाइन देण्याची रीत आम्हाला शिकविली, म्हणजे रोज दवाखान्यात जावयास नको. बंधूंनो, डॉक्टरांपासून आपली ऐपत लपवू नका. ती कळली तरच ते आपल्याला जमेल असा मार्ग सुचवू शकतात.

पुढचे अडीच महिने आमच्या घराचा दिनक्रम मोतीभोवती फिरला. दशलक्षण पर्वात मी पहाटे उठून त्याला सलाइन लावी आणि स्नान करून अभिषेकाला जाई. बाटली भिंतीच्या खिळ्याला टांगलेली, सौ. त्याच्या मस्तकावर हात ठेवून बसलेल्या, आणि मोती सुई टोचताना एकदाच माझ्याकडे पाही व मान खाली ठेवी. चाळीस वर्षे क्षमा-मार्दवावरची प्रवचने ऐकली, पण क्षमा म्हणजे काय हे मला त्या दृष्टीत दिसले.

दसऱ्यानंतर त्याने पाणीही सोडले. डॉक्टर घरी आले आणि त्यांनी शांतपणे सांगितले, की इंजेक्शन देऊन त्याला वेदनेतून सोडविता येईल. आम्ही रात्रभर विचार केला. कोणी म्हणेल, आपल्या धर्मात सल्लेखना आहेच. पण सल्लेखना हे स्वतःच्या जाणिवेने स्वतः घ्यावयाचे व्रत आहे. ते दुसऱ्याच्या वतीने घेता येत नाही. आम्ही ते इंजेक्शन दिले नाही. वेदनाशामक औषध मात्र मागितले. तो आणखी एक रात्र जगला. ती रात्र त्याला सुखाची गेली, असे मी आपल्यासमोर म्हणणार नाही. आमचा निर्णय योग्य होता की नाही, हे मला आजही निश्चित सांगता येत नाही. ज्यांनी अशा वेळी दुसरा निर्णय घेतला, त्यांना निर्दय म्हणण्याचे धाडस माझ्यात राहिलेले नाही.

पहाटे सौ.नी त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला. क्षत्रचूडामणीतील जीवंधरकुमाराची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. मार खाऊन मरणोन्मुख झालेल्या श्वानाच्या कानात त्याने हाच मंत्र सांगितला आणि तो श्वान पुढे सुदर्शन यक्ष झाला. मोतीची गती काय झाली, हे केवली जाणोत. मला एवढे ठाऊक आहे, की मंत्र सुरू असताना त्याचे शेपूट एकदा हलले. एका स्नेह्याच्या मळ्यात खोल खड्डा खणून आम्ही त्याला मीठ घालून पुरले. त्या दिवशी ऐन दिवाळीच्या हंगामातही मी दुकान उघडले नाही.

आता तो हिशेब. मी व्यापारी आहे, तो सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. सुरुवातीच्या तपासण्या ४,२००, पुण्याची फेरी आणि सोनोग्राफी ११,५००, दवाखान्यातील २६ वेळचे सलाइन १५,६००, औषधे १८,४००, पथ्याचे अन्न ७,२००, घरच्या सलाइनचे साहित्य ५,३५०, नंतरच्या तपासण्या २,६००. एकूण ६४,८५० रुपये. आणि पाच वर्षे गोचिडांचे औषध न लावून मी वाचविलेली रक्कम होते सुमारे ३५ हजार. वाचविले पस्तीस हजार, खर्चिले जवळपास पासष्ट हजार, आणि मोती गेला. यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार मी जन्मात केला नाही.

या अनुभवावरून दोन विनंत्या करून मी आपली रजा घेतो. पहिली, ज्यांच्या घरी कुत्रा-मांजर आहे त्यांना. लसीकरण आणि गोचिडांचा बंदोबस्त वेळेवर करा. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या. दर महिन्याला पाचशे रुपये त्याच्या नावाने वेगळे ठेवा. प्राण्यांचा विमाही मिळतो. पण आधीचे आजार त्यात सहसा धरीत नाहीत आणि वय वाढल्यावर तो मिळणे अवघड होते, म्हणून त्याची चौकशी प्राणी लहान असतानाच करा. आपल्या भागातून पुण्याकडे जाताना शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या चिकित्सालयांत शुल्क बहुधा माफक असते.

दुसरी विनंती विश्वस्त मंडळींना. आपल्या जीवदया पेटीतून गोशाळेला चारा आणि पक्ष्यांना धान्य जाते, ते पुण्यकर्म अखंड चालो. त्याच निधीतील थोडा भाग गरीब घरातील आणि रस्त्यावरील आजारी कुत्र्या-मांजरांच्या औषधोपचारासाठी राखून ठेवावा, असे मला नम्रपणे सुचवावयाचे आहे. पैशाअभावी दवाखान्याच्या पायरीवरून परतणारी माणसे मी त्या चार महिन्यांत पाहिली आहेत. एक रिक्षावाला आपल्या कुत्र्याला पोत्यात गुंडाळून आला होता आणि तपासणीचा खर्च ऐकून तसाच परत गेला. त्या वेळी माझ्या खिशात पैसे होते आणि मी त्याला थांबविले नाही. ती नोंद माझ्या वहीत नाही, पण मनातून ती जात नाही. या कार्याचा आरंभ म्हणून ६४,८५० रुपयांची रक्कम मोतीच्या नावाने मी आज ट्रस्टकडे सुपूर्द करीत आहे. ती स्वीकारावी, ही प्रार्थना.

माझ्या बोलण्यात शास्त्राविरुद्ध काही आले असल्यास जाणकारांनी क्षमा करावी.